कन्नडच्या ऑनलाइन वर्गात नाव घालण्याआधी

वाचकांचे प्रश्न थोड्याफार फरकाने सारखेच असतात. बंगळुरूला बदली झाली, मुलगी चौथीत आहे, शाळेत कन्नड सक्तीचं आणि घरात कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आजी विजापूरची, नातवंडं तिच्याशी हिंदीत बोलतात, ते बघवत नाही. नवरा मंगळूरचा, मी साताऱ्याची, राहतो न्यू जर्सीत. मुलांचं मराठीच जेमतेम, त्यात कन्नड कुठे बसवू? आणि सगळ्यांची शेवटची ओळ एकच: व्हॉट्सॲपवर एका फुकट ऑनलाइन कन्नड वर्गाचा मेसेज आलाय, घालू का नाव?

घाला. पण आधी थोडी चौकशी करा. हे वर्ग बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक चालवतात. आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवारी तासभर शिकवणाऱ्या आया असतात, निवृत्त शिक्षक असतात, कधी कॉलेजातली मुलंही असतात. अमेरिकेत, युरोपात कन्नड कूटं हे काम करतात. आपली मराठी मंडळं असतात तशीच ही मंडळं. दुबईत स्वयंसेवकांची विनाशुल्क कन्नड पाठशाळा आहे. कर्नाटक सरकारचं कन्नड अभिवृद्धी प्राधिकार कन्नडेतरांसाठी शिकवणीची केंद्रं चालवतं. कोविडच्या काळात यातलं बरंच शिकवणं पडद्यावर आलं आणि मग सोलापूर-पुण्याच्या घरांपर्यंतही पोचलं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढचा हिशेब सोपा होईल. आठवड्याच्या एका तासात भाषा येत नाही. वर्गामुळे शिस्त लागते, सोबत मिळते, चुका सुधारल्या जातात. बाकीचे सहा दिवस तुमच्या हातात असतात. हे मान्य असेल तर स्वयंसेवकांचा वर्ग फार उपयोगी पडतो. मान्य नसेल तर महागडा वर्ग लावूनही तेच होईल.

कन्नड नेमकं कशासाठी हवंय?

हे घरात बसून ठरवा, कारण त्यावर वर्गाची निवड अवलंबून आहे.

- शाळेतल्या गुणांसाठी. कर्नाटकात २०१५च्या कायद्याने, बोर्ड कोणतंही असलं तरी, कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवायचं आहे. सुरुवात पहिलीपासून, टप्प्याटप्प्याने. स्वयंसेवी वर्ग तुमच्या शाळेचं पुस्तक शिकवत नाही. तेव्हा आधी शाळेला लेखी विचारा: पुस्तक कोणतं, पातळी कोणती, मध्येच दाखल झालेल्या मुलासाठी काय सोय आहे? परीक्षेपुरती जवळपासची शिकवणी लावा आणि स्वयंसेवी वर्ग बोलण्यासाठी ठेवा.
- आजी-आजोबांशी बोलण्यासाठी. मग लिपीची घाई नको. जिथे मूल तोंड उघडतं तो वर्ग बघा.
- वाचता-लिहिता येण्यासाठी. हे काही वर्षांचं काम आहे. पातळ्या ठरलेल्या आहेत, पुस्तकं आहेत आणि पहिल्या बॅचची मुलं पुढे गेलेली आहेत, असा वर्ग निवडा.

वयाचंही बघा. सहाच्या आतल्या मुलांना गाणी, गोष्टी, खेळ पुरेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला 'नवशिके' म्हणून पाच वर्षांच्या मुलांबरोबर बसवलं तर तो दुसऱ्याच आठवड्यात कॅमेरा बंद करेल. त्याचं काही चुकलं नाही. मोठ्या नवशिक्यांची वेगळी बॅच आहे का, ते विचारा; नसेल तर थांबा.

आधी एकदा बसून बघा

चांगला वर्ग चालवणारे लोक पालकांना एक तास बसू देतात. बसू देत नसतील तर कारण विचारा.

बसलात की शिक्षिकेकडे पाहू नका, मुलांचे चौकोन बघा. अशा वर्गांत मागे बसून मी बरंच पाहिलं आहे. पडद्यावर घराचं चित्र येतं, शिक्षिका विचारतात, "इदु एनु?" दहाबारा तोंडं एकदम उघडतात, निम्म्यांचा माइक बंद. "पुट्टा, अनम्यूट माडु," शिक्षिका म्हणतात, आणि एक बारीक आवाज सगळ्यांच्या मागून येतो: "मने!" शिक्षिका तिथेच सोडत नाहीत, "यार मने?" असं पुढे विचारतात, म्हणजे कुणाचं घर. मुलगी अडखळते, मग म्हणते, "अज्जी मने." या वर्गात मुलाला घालायला हरकत नाही. याउलट पन्नास मिनिटं स्लाइड सरकते आहे, शिक्षिका गोड आवाजात बोलताहेत आणि मुलं मान डोलवताहेत, असं असेल तर तो कार्यक्रम आहे. तसले कार्यक्रम यूट्यूबवर पुष्कळ आहेत.

बसून झालं की एवढं विचारून घ्या:

1. एका बॅचमध्ये मुलं किती? आठ ते बारा ठीक. पंचवीसच्या वर गेलं की प्रत्येकाच्या वाट्याला दोन वाक्यंही येत नाहीत.
2. शिकवणारी व्यक्ती वर्षभर तीच राहणार का? त्यांना अडचण आली तर बदली कोण? स्वयंसेवी कामात हीच सगळ्यांत कच्ची कडी असते.
3. समजावून कोणत्या भाषेत सांगतात? परदेशातले वर्ग बहुधा इंग्रजीतून चालतात. अक्कलकोटच्या मराठी शाळेतल्या सहा वर्षांच्या मुलाला इंग्रजीतून कन्नड शिकवलं तर त्याच्यावर दोन अडचणी एकदम पडतात.
4. पुस्तक छापील की नुसत्या स्लाइड? गृहपाठ कोण तपासतं?
5. कोणत्या बोलीत बोलतात? या प्रश्नावर थोडं थांबायला हवं.

आजीची कन्नड आणि वर्गातली कन्नड

सगळ्यांत जास्त रुसवेफुगवे इथे होतात आणि याबद्दल आधी कुणी सांगत नाही.

पुस्तकात 'मी येतो' हे 'बरुत्तेने' असं लिहितात. म्हैसूर-बंगळुरूकडे बोलताना त्याचं 'बर्तीनि' होतं, धारवाडकडे 'बर्तेनि'. किनाऱ्यावरची बोली आणखी वेगळी. विजापूर, सोलापूर, जत भागातल्या घरांत जी कन्नड बोलतात तिच्यात मराठी शब्दही सढळ हाताने पडलेले असतात. ऑनलाइन वर्गातल्या शिक्षिका पुष्कळदा जुन्या म्हैसूर भागातल्या असतात. मग तीन महिन्यांनी नात येऊन सांगते, "आजी चुकीचं बोलते." आजी त्या दिवसापासून नातीशी हिंदीत बोलायला लागते. ज्या कारणासाठी वर्ग लावला ते कारणच संपतं.

उपाय साधे आहेत, पण पहिल्या आठवड्यात करायला हवेत:

- शिक्षिकेला आधीच सांगा: आमच्या घरी उत्तर कर्नाटकातली बोली आहे, मूल तसं बोललं तर चूक म्हणू नका.
- मुलाला सांगा: पुस्तकात असं लिहितात, आजी असं बोलते, दोन्ही बरोबर. मराठीत 'आहे' लिहितो आणि 'हाय' ऐकतो, तसंच. मुलांना हे पटकन कळतं, अडतं मोठ्यांचंच.
- आजीला गृहपाठाला बसवू नका. तिला गोष्ट सांगू द्या, तिच्या पद्धतीने.

शिक्षिका बोलीला हसत असतील तर बॅच बदला. यात भिडस्तपणा नको. द. रा. बेंद्रे धारवाडचे, घरची भाषा मराठी, लिहिलं कन्नडमध्ये आणि तेही धारवाडी बोली अंगाखांद्यावर खेळवत. १९७३चा ज्ञानपीठ पुरस्कार ज्या संग्रहाला मिळाला त्याचं नावच 'नाकु तंति' आहे. ग्रंथाच्या कन्नडमध्ये 'चार'ला 'नाल्कु' म्हणतात, 'नाकु' हे बोलण्यातलं रूप.

मराठी मुलांना लिपीत काय जड जातं?

वर्णमाला ४९ अक्षरांची: १३ स्वर, २ योगवाह, ३४ व्यंजनं. क्रम आपलाच, क-ख-ग-घ. बाराखडीला 'कागुणित' म्हणतात, तत्त्व तेच. 'ळ' हिंदी घरातल्या मुलांना अडतो, आपल्या मुलांना नाही. म्हणजे मराठी वाचता येणारं मूल शून्यापासून सुरुवात करत नाही. हे शिक्षिकेला सांगा, कारण इंग्रजी माध्यमातल्या मुलांना गृहीत धरून केलेला पाठ आपल्या मुलांना कंटाळवाणा होऊ शकतो.

अडचणी दुसरीकडे आहेत. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही. 'बेळे' ऱ्हस्व उच्चारलं तर शेतातलं पीक, लांबवलं तर डाळ. मराठी अक्षरांत आपण दोन्ही एकसारखंच लिहितो आणि मूल दोन्ही एकसारखंच म्हणतं. म्हणून गाण्याचे बोल देवनागरीत लिहून देणं ही सोय थोड्याच दिवसांची ठेवा. पहिली काही गाणी झाली, अक्षरओळख सुरू झाली, की ती कुबडी काढून घ्या. काढली नाही तर मूल वर्षभर कन्नड 'शिकतं' आणि बसची पाटी वाचू शकत नाही. 

दुसरी अडचण सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची: व आणि म, तसंच द, ध, थ. तिसरी जोडाक्षरांची. दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली लटकतं, त्याला 'ओत्तक्षर' म्हणतात, आणि त, म, य, र, ल अशा काहींचं खालचं रूप मूळ अक्षरासारखं दिसतच नाही. इथे वेग मंदावतो. मूल मागे पडलंय असं समजून घाबरू नका, सगळ्याच मुलांचं इथे तसंच होतं.

वेळ ठरवताना

भारतात राहणाऱ्यांना विशेष त्रास नाही. परदेशात असाल आणि शिक्षिका भारतात असतील तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. कॅलिफोर्नियात शनिवारी सकाळी आठचा वर्ग उन्हाळ्यात भारतात रात्री साडेआठला येतो आणि हिवाळ्यात साडेनऊला. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, ब्रिटन-युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दुबईत बदलतच नाहीत. तिन्हीकडची मुलं एकाच बॅचमध्ये असली की त्या आठवड्यांत निम्मी मुलं चुकीच्या वेळी येतात. वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे पक्की आहे, हे आधी विचारून ठेवा.

शनिवारी मराठी शाळा, रविवारी कन्नड, मध्ये पोहणं आणि बुद्धिबळ, असा बेत असेल तर एक काहीतरी गळणार. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जाणारी मुलं मी या कात्रीत पाहिली आहेत. माझं मत असं: एका भाषेची लिपी बऱ्यापैकी बसू द्या, तोवर दुसरी नुसती बोलण्यात ठेवा.

फुकट, वर्गणी, देणगी

- झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांनी तुटते. वर्ग तासाचा असेल तर कुणीतरी पैसे भरत असतं. पुस्तकं, टपाल वेगळं. त्यामुळे माफक वर्गणी मागितली तर नाक मुरडू नका. मला तर माफक वर्गणीचे वर्ग बरे वाटतात, कारण फुकट मिळालेली जागा अडवून दर रविवारी लग्नाला जाणारे पालक त्यात कमी असतात.
- पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यात भरा आणि पावती घ्या. कुणाच्या खासगी यूपीआयवर वर्षाची रक्कम एकदम पाठवू नका.
- फी आणि देणगी यांची गल्लत होऊ देऊ नका. भारतात करसवलत त्यासाठी मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, शिकवणीच्या फीवर नाही. २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. सवलत घ्यायची असेल तर संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मागा.
- मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का, हे नाव नोंदवतानाच लेखी विचारा.
- पूर्ण विनामूल्य सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या 'सेवा' या व्याख्येत येत नाही. म्हणजे फुकट वर्ग बंद पडला तर ग्राहक आयोगाकडे जाता येणार नाही. मुलाच्या सुरक्षिततेचे कायदे मात्र वर्ग फुकट असला तरी लागू असतात.

सुरक्षितता: इथे संकोच करू नका

"एवढे चांगले लोक, फुकट शिकवतात, त्यांना असं कसं विचारायचं?" हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त खटकतो. चांगले लोक विचारलेलं मनावर घेत नाहीत. उलट त्यांनी हे नियम आधीच लिहून ठेवलेले असतात.

- वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप पालकांच्या नंबरवरच असावा. व्हॉट्सॲपवर स्वतःचं खातं चालवायला किमान वयच १३ लागतं.
- शिक्षक किंवा मोठा विद्यार्थी मुलाशी खासगी चॅट करणार नाही. एकट्याने जादा तास घ्यायचा झाला तर घरातलं मोठं माणूस त्याच खोलीत असेल.
- पडद्यावर फक्त पहिलं नाव. आडनाव, शाळा, इमारतीचं नाव नको.
- वर्गाची लिंक पुढे पाठवायची नाही आणि आत घेण्याआधी प्रत्येकाचं नाव तपासायचं.
- रेकॉर्डिंग होतं का, कुठे राहतं, किती दिवस राहतं? कर्नाटक राज्योत्सवाच्या, म्हणजे १ नोव्हेंबरच्या कार्यक्रमाचे मुलांचे व्हिडिओ संस्था हौसेने फेसबुकवर टाकतात. तुमची ना असेल तर नाव नोंदवतानाच लेखी कळवा. मुलाला कार्यक्रमातून काढा असा त्याचा अर्थ होत नाही, तेही स्पष्ट लिहा.

भारतात २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो आणि माहिती पुसून टाकण्याची मागणी करण्याचा हक्कही देतो. त्याचे नियम २०२५मध्ये आले असून अंमल टप्प्याटप्प्याने होतो आहे. संस्था परदेशातली असेल तर तिथला कायदाही बघावा लागतो.

काही वावगं घडलं, संशय आला, मूल अचानक वर्गाला बसायला घाबरू लागलं, तर 'आपसात मिटवू' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८, सायबर गुन्ह्यांसाठी १९३०. लैंगिक अत्याचाराची बाब असेल तर पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या कमिटीने ठराव करून हा विषय बंद करता येत नाही.

तुमच्याकडूनही काही अपेक्षा आहेत

शिक्षिका हे पोटासाठी करत नाहीत, तेव्हा त्यांना गृहीत धरू नका. गैरहजेरी आदल्या दिवशी कळवा. रात्री अकराला "आजचा गृहपाठ पाठवा ना" असा मेसेज नको. आणि कॅमेऱ्याच्या बाहेर बसून मुलाच्या कानात उत्तरं पुटपुटू नका. ती सगळ्यांना ऐकू येतात, शिक्षिका फक्त सभ्यपणे गप्प बसतात. कन्नड येत नसलं तरी हजेरी लिहायला, पुस्तकं टपालात टाकायला माणसं लागतातच. त्यासाठी नाव द्या.

उरलेले सहा दिवस

रोज दहा मिनिटं पुरेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर चित्रगोष्टी मोफत आहेत, कन्नडमध्येही आणि मराठीतही. शक्य असेल तिथे एकच गोष्ट आधी मराठीत वाचा आणि दुसऱ्या दिवशी कन्नडमध्ये. बालभारती कन्नड माध्यमाची पुस्तकं काढते, तीही संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. बंगळुरूत राहत असाल तर भाजीवाल्याकडे मुलीला पुढे करा. "कोत्तंबरि सोप्पु एष्टु?" एवढं विचारून कोथिंबिरीची जुडी घेऊन आलेली मुलगी आठवडाभर तोऱ्यात असते. आजी लांब असेल तर बुधवारी संध्याकाळी दहा मिनिटांचा फोन, हिंदी-इंग्रजी वर्ज्य, अडलं तर गप्प बसायची मुभा.

सोलापूर, अक्कलकोट, जत भागात किंवा मुंबईत असाल तर जवळची कन्नड माध्यमाची शाळाही बघून घ्या. माटुंग्याचं म्हैसूर असोसिएशन, पुण्याचा कन्नड संघ यांच्याकडे चौकशी केलीत तर समोरासमोरच्या वर्गाचा पत्ता लागू शकतो. लहान मुलांना समोरासमोरचा वर्ग पडद्यापेक्षा केव्हाही बरा.

प्रमाणपत्राबद्दल

वर्षाअखेर छान रंगीत प्रमाणपत्र मिळतं. ते मुलाच्या कौतुकासाठी आहे, शाळेत त्याचे गुण धरत नाहीत. अमेरिकेत काही ठिकाणी दोन भाषा येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हायस्कूलच्या पदविकेवर 'सील ऑफ बायलिटरसी' मिळतं. त्यासाठी कन्नडची कोणती परीक्षा चालते, हे तुमचा स्कूल डिस्ट्रिक्ट सांगेल. नवव्या-दहाव्या इयत्तेतच त्यांना ईमेल करून विचारा, शेवटच्या वर्षापर्यंत थांबू नका.

सोडायचं कधी?

एक सत्र पूर्ण होऊ द्या, त्याआधी निकाल लावू नका. सत्र संपल्यावर एवढं बघा: मूल न विचारता एखादं तरी कन्नड वाक्य घरात बोलतं का? शिक्षिकेचं नाव सांगतं का? वर्गाच्या दिवशी पोट दुखतं का? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर 'नाही' आणि तिसऱ्याचं 'हो' असेल तर आधी शिक्षिकेशी बोला, बॅच बदलून मागा, पातळी एक पायरी खाली आणा. तरीही जमलं नाही तर सोडा, वर्षभराने पुन्हा बघता येईल. मात्र सोडताना दोन ओळींचा मेसेज करून कळवा आणि ग्रुपमधून बाहेर पडा. चांगल्या बॅचला प्रतीक्षायादी असते आणि तुमची जागा मोकळी झाली हे शिक्षिकेला कळल्याशिवाय पुढच्या मुलाला बोलावता येत नाही.